बाळाचा ळ

मानसिंगराव इंगळे यांना राग यायला एरवी कारण लागत नसे. त्या दिवशी मात्र कारण होतं, आणि ते लोणच्याच्या परातीत बसलं होतं.

सुधाताईंनी कैरीच्या लोणच्यासाठी मोहरीचं तेल कढवून परातीत निवत ठेवलं होतं. त्यात बाळ बसला होता. नुसता बसला नव्हता, चांगला लोळला होता.

“तेल असं जमिनीवर कोण ठेवतं?” मानसिंगराव कडाडले.

“पस्तीस वर्षं मीच ठेवून राहिले,” सुधाताई म्हणाल्या. “बोका तुमचा आहे. त्याला विचारा.”

बाळ हा इंगळ्यांचा बोका. नाकापासून शेपटीपर्यंत बारीक कुरळ्या केसांचा, मिशासुद्धा कुरळ्या. असा बोका ग्वाल्हेरात दुसरा नव्हता, कारण तो मानसिंगरावांनी पाच वर्षं खपून तयार केला होता. पाच वर्षांपूर्वी गोरखी वाड्याच्या भिंतीमागे त्यांना एक कुरळी मांजरी सापडली. तिचं नाव त्यांनी सरदारीण ठेवलं आणि तिच्यापासून मांजरांची नवी जातच काढायची असं ठरवलं. सरदारिणीला पहिली पिल्लं झाली ती सगळी सरळ केसांची. मानसिंगराव तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. दुसऱ्या पिढीतही तोच प्रकार. सर्व्हे ऑफिसात नकाशे काढण्यात आयुष्य गेलेल्या या माणसानं मांजरांची वंशावळ ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढली, जुळवाजुळव केली, आणि तिसऱ्या पिढीत एकच पिल्लू कुरळं निघालं. तोच बाळ. गेल्या थंडीत सरदारीण गेली. आता सगळी भिस्त एकट्या बाळावर होती.

आणि आजच दुपारी तीन वाजता भोपाळहून मांजरांच्या क्लबच्या परीक्षक बाई यायच्या होत्या. त्यांनी बाळाचे केस तपासून पसंत केले, की ‘लष्करी कुरळी’ ही जात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागाच्या नावानं, कागदावर येणार होती.

हे नावही मानसिंगरावांनी हट्टानं ठेवलं होतं, त्यातल्या ळ साठी. ळ हा त्यांच्या रागाचा कायमचा विषय. वीजबिलावर ‘इंगले’, रेशनकार्डावर ‘इंगले’, पेन्शनच्या कागदावर ‘इंगले’. प्रत्येक कागदावर ते लाल शाईनं ल चा ळ करत आणि मगच तो कपाटात ठेवत. “आपले पूर्वज दक्षिणेतून आले,” ते मुलीला सांगत. “घोडे गेले, तलवारी गेल्या, हुद्दे गेले. ळ तेवढा राहिलाय. तो मी जाऊ देणार नाही.”

“बाबा, फोनवर इंगळे बोललं तर लोक स्पेलिंग पूछते हैं,” स्मृती म्हणे.

“पूछने दे,” मानसिंगराव म्हणत आणि जेवताना तिच्याकडे बघत नसत.

तर असा हा तेलात माखलेला बाळ टोपलीत घालून मानसिंगरावांनी सवारीचा टेम्पो पकडला आणि जयेंद्रगंजातलं विक्रमसिंहचं दुकान गाठलं. विक्रमसिंह मूळचा भिंडकडचा, अस्सल हिंदीवाला. कुत्र्या-मांजरांना आंघोळ घालण्याचा त्याचा धंदा. बाळाला त्यानं नाकाशी धरून हुंगलं आणि म्हणाला, “अचार है क्या, अंकलजी?”

“मस्करी नको. शॅम्पू करो. कंघी बिलकुल नहीं,” असं बजावून मानसिंगराव घरी परतले, कारण पाहुण्या बाईंसाठी श्रीखंड आणायचं होतं.

बारा वाजता त्यांनी फोन लावला. विक्रमसिंहचे हात साबणात, त्यानं उचलला नाही. मग बाळाला बाहेर काढून, टॉवेलात नीट गुंडाळून ठेवा, असा निरोप त्यांनी हिंदीत बोलून व्हॉट्सॲपवर पाठवला. सांभाळून, त्यात आमची पाच वर्षांची मेहनत आहे, हेही वर सांगितलं.

ते पोचले तेव्हा विक्रमसिंहनं दोन्ही हातांनी टॉवेलाचं गाठोडं पुढे केलं. मानसिंगरावांनी ते मायेनं छातीशी धरलं. ते फार हलकं लागलं. त्यांनी एक टोक उघडलं. आत केस होते. तपकिरी, धुतलेले, वाळवलेले, कुरळे केस.

“ये क्या है?”

“आपने जो कहा था, वही. एक भी गिरने नहीं दिया.”

“और हमारा बिल्ला?”

विक्रमसिंहनं खुर्चीखाली बोट दाखवलं. तिथे गुलाबी, सुरकुतलेलं, मोठ्या कानांचं काहीतरी बसलं होतं. तोंडावर तेवढ्या कुरळ्या मिशा शिल्लक होत्या.

मानसिंगराव कडाडले ते थांबेचनात. विक्रमसिंह बिचारा सांगत होता की तेल निघत नव्हतं, तीनदा धुतलं, शेवटी कापावं लागणार असं वाटतच होतं, तेवढ्यात निरोप आला की बाल निकालके तौलिये में लपेटो.

“बाल नाही! बाळ! बाळ म्हणजे बच्चा! तुम लोगों को ळ सुनाई ही नहीं देता. म्हणा, बाळ.”

“बाल.”

“जीभ पीछे लो.”

“बाड़.”

“आणखी मागे!”

दुकानात एक बाई कुत्रा घेऊन आल्या होत्या. त्या कुत्रा घेऊन निघून गेल्या. दहा मिनिटं शिकवणी चालली. शेवटी एका हातात सोललेला बोका आणि दुसऱ्या हातात त्याचे केस घेऊन मानसिंगराव टेम्पोत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण टेम्पोवाल्यानं विचारलं तेव्हा त्यांनी ते धुळीवर ढकललं.

परीक्षक बाई बरोबर तीनला आल्या. त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे पाहिलं आणि श्रीखंडाची वाटी खाली ठेवली.

“मूँछें तो कर्ली हैं,” त्या म्हणाल्या, “लेकिन मूँछों का कॉलम नहीं है.”

मग त्यांनी नियम सांगितला. केस पार्लरच्या चुकीनं गेले असतील तर याच अर्जावर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. मालकाच्या सांगण्यावरून गेले असतील तर अर्ज रद्द, नवा अर्ज दोन वर्षांनी.

“पार्लरची चूक,” मानसिंगराव गरजले. “त्याला ळ ऐकूच येत नाही. सबूत आहे. स्मृती, लाव तो मेसेज. मोठ्यानं लाव.”

स्मृतीनं फोन टेबलावर ठेवला. मानसिंगरावांचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. “विक्रमसिंहजी, बाल निकालके तौलिये में लपेटके रखो. सँभालके. हमारी पाँच साल की मेहनत है उसमें.”

स्मृतीनं फोन उचलायला हात पुढे केला.

“पुन्हा लाव,” मानसिंगराव म्हणाले.

पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः कानाशी धरून ऐकला. ल होता. स्वच्छ, गुळगुळीत, भिंडच्या माणसाचा असतो तसा ल.

“अहो, हिंदीत बोलता तेव्हा तुमचा नेहमीच ल होतो,” सुधाताई हळूच म्हणाल्या.

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“सांगून सांगते कुणाला? चिडता तुम्ही.”

परीक्षक बाई भल्या होत्या. पेन उघडून त्या म्हणाल्या, “क्या लिखूँ? आप जो कहेंगे.”

मानसिंगरावांना आयुष्यात एवढा राग कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर कोणीच नव्हतं. ते बाळाकडे बघत राहिले. दोन वर्षांनी बाळ असेल की नाही, असला तरी त्याच्या पोटी कुरळं निघेल की नाही, कुणाला माहीत.

“लिखिए,” ते म्हणाले. “मालिक की गलती.”

बाईंनी लिहिलं आणि अर्ज सहीला पुढे केला. नावाच्या जागी ‘मानसिंगराव इंगले’ असं होतं. मानसिंगरावांनी सवयीनं लाल पेन काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत खिशात ठेवलं. सही निळ्यानंच केली.

बाई गेल्यावर सुधाताईंनी आपल्या जुन्या लोकरी टोपीला चार भोकं पाडून ती बाळाला घातली आणि नवऱ्याला फोन आणून दिला. “त्या भल्या माणसाची माफी मागा. सगळ्या दुकानासमोर बोलून आलात.”

मानसिंगरावांनी दात-ओठ खात नंबर लावला. पहिल्याच घंटीला विक्रमसिंहनं उचलला. दुपारभर बहुतेक सराव करत असावा.

“प्रणाम अंकलजी. बाळ कैसा है?”

ळ कसा, जीभ टाळ्याला टेकवून उचललेला, कोल्हापूरच्या माणसानं ऐकत राहावा असा. मानसिंगरावांनी घसा खाकरला.

“बाल ठीक है,” ते म्हणाले.

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

“बाल नहीं, अंकलजी,” विक्रमसिंह अदबीनं म्हणाला. “बाळ. जीभ थोड़ी पीछे लीजिए.”