शनिवारची हवा

हवा कोणाच्याही मालकीची नसल्यामुळे ती बिघडवल्याचा दोष कोणाकडेही जात नाही. आणि ज्याचा दोष कोणाकडेही जात नाही, अशा गोष्टीचा विचार करण्यासाठी समिती नेमणे हे सुसंस्कृत समाजाचे आद्य कर्तव्य होय. सन १९८३ मध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लोखंडी कपाटांच्या एका कारखान्याने हे कर्तव्य पार पाडले. त्या समितीत ‘तज्ज्ञ व्यक्ती’ म्हणून बसण्याचा मान मला, म्हणजे पंचवटीतील एका सेवानिवृत्त संस्कृत शिक्षकाला, मिळाला.

माझी निवड वशिल्याने झाली असे काही लोक म्हणतात. वस्तुस्थिती अशी आहे की ती बोटामुळे झाली. कारखान्याचे मालक यादवराव हे माझे माजी विद्यार्थी. दहावीत संस्कृतात त्यांना एकवीस गुण पडले होते. मी त्यांचे पस्तीस केले. (ही वाढ करुणेपोटी होती. शिवाय निकाल त्याच दिवशी लावायचा होता.) पुढे कारखाना निघाला तेव्हा त्यांनी माझ्या पोथ्यांसाठी एक कपाट मोठ्या आदराने घरी पाठवले. मी दारावरून बोट फिरवले. मुठीच्या किंचित खाली, रंगात, मोहरीहूनही लहान असा एक दाणा बोटाला लागला. मी कपाट परत केले आणि सोबत चिठ्ठी दिली, ‘वस्तू उत्तम आहे, तथापि पृष्ठभाग निर्दोष नाही.’ पंधरा दिवसांत दुसरे कपाट आले. त्यावर तीनदा बोट फिरवूनही काही सापडले नाही, तेव्हा ते मी नाइलाजाने ठेवून घेतले.

त्याच वर्षाअखेरीस हवेतील सूक्ष्म कणांविषयीचे नियम कारखान्यात येऊन पोहोचले. धातूच्या पृष्ठभागाला फवाऱ्याने रंग देताना उडणारा रंगाचा धूर आणि थिनरची वाफ किती आहे, हे कोणा जाणकाराकडून वेळोवेळी तपासून घ्यावे, असा त्यांचा आशय होता. सूक्ष्म कण म्हटल्याबरोबर यादवरावांना माझे बोट आठवले, आणि बोटामागून नाक. हवा मोजण्याचे यंत्र परदेशातून मागवले होते. (ते अद्याप येत आहे.) तोवर काम अडू नये म्हणून, चाळीस वर्षे गोदाकाठी प्राणायाम केलेले माझे नाक यंत्राच्या जागी धरावे, असा ठराव एकमताने संमत झाला. ते एकमत माझे होते. उरलेले दोन सभासद चहा सांगायला गेले होते.

तपासणीची पद्धत मीच घालून दिली आणि तिचा मला आजही अभिमान वाटतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता रंगखोलीत पूर्वेकडे तोंड करून खुर्ची ठेवावी. तज्ज्ञाने तीवर बसून डोळे मिटावे आणि बारा दीर्घ श्वास घ्यावेत. मग नोंदवहीत शेरा लिहावा. सव्वीस शनिवारांत मी तीनशे बारा श्वास घेतले. त्यांपैकी तीनशे शुद्ध आढळले. उरलेले बारा एकाच दिवशीचे असून ते वॉचमन मंगळू याच्या स्टोव्हवरील मिरचीच्या फोडणीमुळे बाधित होते. त्यांची नोंद ‘बाह्य स्रोत’ अशी केली आहे. नऊ वेळा हवेला चंदनाचा सुगंध आढळला. माझ्या येण्याआधी तिथे उदबत्ती लावत असत, हे मला पुढे कळले. पण सुगंधाविरुद्ध नियमांत काही नव्हते.

शनिवारच का, असा प्रश्न अल्पबुद्धीच्या माणसाला पडू शकेल. शनिवारी कारखान्याला साप्ताहिक सुटी असते. कॉम्प्रेसर बंद, भट्टी थंड, रंगखोलीत चिटपाखरू नाही; निरीक्षकाच्या चित्ताला लागणारी एकाग्रता केवळ त्याच दिवशी लाभते. शिवाय थिनरच्या वाफेत नेल्यास नाक बिघडण्याचा संभव होता, आणि समितीकडे दुसरे नाक नव्हते. उपकरणाचे रक्षण हा तपासणीचा पहिला नियम आहे. तो आम्ही इतका पाळला की दुसऱ्या नियमाची गरजच उरली नाही.

सत्ताविसाव्या शनिवारी मी फाटकाशी आलो, तेव्हा रंगारी सहादू आपल्या सुटीच्या दिवशी बायकोला घेऊन तिथे उभा होता. सहादू हरसूलकडचा. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत हातात स्प्रेगन धरून कपाटे रंगवणे हे त्याचे काम. त्याने सांगितले ते थोडक्यात असे: पूर्वी हरसूलला एस.टी.तून उतरले की पाड्यापर्यंतचा चढ तो एका दमात चढे. आता तीनदा खाली बसावे लागते. सकाळी थुंकतो तेव्हा आदल्या दिवशी कोणती ऑर्डर होती ते रंगावरून कळते. डॉक्टरने सांगितले आहे की खोलीतला धूर बाहेर जायला हवा, नाहीतर हे काम सोड. सोडले तर खायचे काय? यादवरावांकडे गेला, तर त्यांनी नोंदवही उघडून माझी सही दाखवली होती.

“गुरुजी,” तो म्हणाला, “एक डाव बुधवारी या ना.”

मी त्याला उपकरणाच्या रक्षणाचे तत्त्व समजावून सांगू लागलो. त्याने ते आदराने ऐकून घेतले. त्याच्या बायकोने, धोंडाबाईने, घेतले नाही.

“गुरुजी, तुमी शाळेत व्हते ना?” ती म्हणाली. “रईवारी शाळा लय शांत राहत आसंल. पोरं दंगा नाय, काय नाय. तवाच साहेबाला तपासायला बोलवायचं व्हतं.”

 

बुधवारी मी गेलो. सहादूने तोंडाला लुगड्याची चिंधी बांधली होती आणि तो कुठल्याशा दवाखान्याची आकाशी कपाटे रंगवत होता. मी पूर्वाभिमुख बसलो, डोळे मिटले. चार श्वास झाले. पाचवा अर्ध्यावर राहिला. पाच प्राणांची नावे मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतली होती. त्या दिवशी ते पाचही एकाच वेळी दाराकडे धावले, आणि त्यांच्या मागून धोतर सावरत मी. बाहेर खोकून खोकून तोंड पुसले, तर उपरणे आकाशी झाले होते.

सहादू पाणी घेऊन आला. मला तेव्हा प्रथमच दिसले की रंगखोलीच्या भिंतीत हातभर रुंदीचे एक गोल भोक असून त्यात गोणपाट कोंबलेले आहे. ते काय, असे मी विचारले.

“तिथं पंखा व्हता, गुरुजी. धूर भाईर ओढायचा. पण धूर भाईर गेला का दारातनं धूळ आत यायची, वल्या रंगावर बसायची. दाणा यायचा.”

“मग?”

“कोण्या मास्तराचं कपाट परत आलं. बोटाला दाणा लागला म्हणं. त्याच हप्त्यात शेठनी पंखा काढला.”

त्याने मास्तराचे नाव सांगितले नाही. मी विचारले नाही.

समितीची तातडीची सभा त्याच दुपारी यादवरावांच्या खोलीत भरली. त्यांनी माझ्यासाठी लिंबूपाणी मागवले, पाठीमागे उशी दिली, आणि पूर्वी वर्गात उभे राहत तसे हात बांधून उभे राहिले. मी पंख्याचा विषय काढला.

“गुरुजी, पंखा उद्या बसवतो,” ते म्हणाले. “गोडाऊनमध्येच आहे. फक्त एक विचारतो. दाणा आलेलं पहिलं कपाट तुमच्या घरी पाठवेन. ठेवून घ्याल?”

माझ्या डोळ्यांपुढे माझे कपाट उभे राहिले. रोज सकाळी पोथी काढताना त्याच्या गुळगुळीत दारात मला माझा चेहरा दिसतो, आणि तो आहे त्याहून सात्त्विक दिसतो. मी विचार करण्यासाठी वेळ मागितला. समितीत वेळ मागणे हेच उत्तर धरले जाते.

यादवराव हळूच म्हणाले, “तेव्हा तुम्ही मला पस्तीस दिलेत, गुरुजी. तेवढेच या खोलीला द्या. जास्त मागत नाही.”

मी दिले. बुधवारी उपकरण नादुरुस्त असल्यामुळे त्या दिवशीचे साडेचार श्वास रद्द समजावेत, असा ठराव झाला. नाक आठ दिवसांत पूर्ववत झाले, आणि पुढच्या महिन्यात, शनिवारी, हवा शुद्ध आढळली.

पुढच्या पावसाळ्यात सहादूने काम सोडले. तो हरसूलला असतो. त्याला आता आठवड्याचे सातही दिवस शनिवार आहेत. गनवर दुसरा माणूस आला आहे. त्याचे नाव विचारण्याची मी अजून हिंमत केलेली नाही.

वाचकांना माझा राग आला असेल. तो रास्त आहे; तो तसाच धरून त्यांनी उठावे आणि आपल्या घरातील कपाटाजवळ जावे. विकत घेताना त्याच्या दारावरून बोट फिरवले होते ना? आज पुन्हा फिरवावे. दाणा लागला, तर आपण माझ्याहून थोर आहात. नाही लागला, तर समितीत एक जागा रिकामी आहे. मला आता वयोमानाने बारा श्वास जमत नाहीत.

सहादूला पाड्याचा चढ पुन्हा एका दमात चढता येवो. धोंडाबाईच्या जिभेची धार कायम राहो. यादवरावांना कधी तरी कोणी नापास करणारा भेटो. आणि वाचकहो, तुमच्या कपाटाचा रंग दीर्घकाळ टिको. तो ज्याने दिला, त्याचा श्वासही टिको.