धण्याची बाटली

"तुझे बाबा माझ्या गव्हाच्या बिअरचा एक घोट घेतील आणि तिथल्या तिथे लग्नाची तारीख काढतील!" कोर्बिनियनने वालबुर्गाला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

तारीख काढणं खरोखरच तिच्या बाबांच्या, म्हणजे अलॉइसच्या हातात होतं. म्हातारा चाळीस वर्षं बिअरच्या कारखान्यात मुख्य कारागीर होता. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट! पाचवी वस्तू बिअरमध्ये पडली, की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "ज्याला साधी बिअर धड जमत नाही, त्याच्या घरी माझी मुलगी नांदायची नाही," असं त्याने बजावलं होतं. रविवारी सकाळी तो बायकोला घेऊन कोर्बिनियनकडे पांढऱ्या सॉसेजच्या न्याहारीला येणार होता.

साध्या बिअरच्या बारा बाटल्या झकास जमल्या. पण तेवढ्यावर थांबेल तर तो कोर्बिनियन कसला! उरलेल्या बिअरमध्ये त्याने परसातल्या चेरी ठेचून टाकल्या, संत्र्याची साल टाकली, मूठभर धणे कुटून घातले आणि चेरीची साखर पुरती आंबायच्या आत सहा बाटल्या भरून मोकळा झाला. गुरुवारी आत वायू कोंडून त्यातली एक तळघरात फुटली. काच छतात रुतून बसली!

तेव्हापासून तो मोटारसायकलचं हेल्मेट घालून तळघरात उतरायचा. उरलेल्या पाचांना हात लावायची त्याची छाती होईना, म्हणून त्यांच्यावर त्याने जुनी गादी टाकली. बाटल्या सगळ्या तपकिरी, एकसारख्या. ओळखू याव्यात म्हणून चेरीवाल्यांवर खडूने फुल्या मारल्या होत्या.

रविवारी तो खाली गेला, तर गादी घडी करून ठेवलेली आणि साध्या-चेरीच्या सगळ्या बाटल्या एका ओळीत लखलखत उभ्या!

"वालबुर्गा! फुल्या कुठे गेल्या?"

"पुसल्या. खडूने बरबटलेल्या बाटल्या बाबांपुढे ठेवायच्या होत्या का? एक वर नेलीसुद्धा. आणि हे हेल्मेट कशाला रे?"

कोर्बिनियन गर्रकन वळला. पायऱ्या तीन-तीन चढत तो वर धावला.

अलॉइसने बाटली हातात घेतलीच होती.

"मास्टर, थांबा! मी ओततो!"

"माझी बिअर मीच ओततो, पोरा."

तळाचं यीस्ट उठावं म्हणून बंद बाटली टेबलावर लाटण्यासारखी फिरवायची, ही अलॉइसची जुनी पद्धत. त्याने फिरवली. एकदा. दोनदा.  तिसऱ्यांदा फिरवून अलॉइसने बूच धरणाऱ्या तारेच्या चिमट्याला अंगठा लावला.

"आडवे व्हा!" कोर्बिनियन किंचाळला आणि स्वतः टेबलाखाली शिरला.

धडाम्!

"रक्त! अगं बाई, रक्त!" क्रेशेन्झबाई, म्हणजे अलॉइसची बायको, ओरडत सुटल्या.

सासरा मारला आपण! कोर्बिनियनला खाली दरदरून घाम फुटला. लग्न राहिलं बाजूला, आता तुरुंग! तो रांगत बाहेर आला. अलॉइस डोक्यापासून कमरेपर्यंत लाल होऊन ताठ बसला होता. हळूच त्याने मिशी चाटली.

"धणे," तो म्हणाला.

"मास्टर, चुकलो! पुन्हा नाही..."

"चेरी ठीक आहे. पण संत्र्याच्या सालीचा पांढरा भाग राहिलाय, म्हणून कडवट लागतंय. साल कागदासारखी पातळ काढायची. आणि धणे जरासे भाजून, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घालायचे!"

क्रेशेन्झबाईंचं ओरडणं एकदम थांबलं.

"तुम्हाला हे कसं हो ठाऊक?"

अलॉइसचा चेहरा त्या लाल रंगाखालीही पांढरा पडलेला दिसू लागला. "वाचलंय... कुठेतरी."

"वाचलंय? दर ख्रिसमसला पावात घालायचे माझे धणे गायब होतात, तेव्हा उंदरांनी खाल्ले म्हणता! तीस वर्षं मी उंदरांना विष घालतेय!"

"लग्न मे महिन्यात उरकून टाकू!" अलॉइस घाईघाईने म्हणाला. "पोरांनो, तारीख तुम्हीच ठरवा!"

"तारखेचं नंतर बघू," क्रेशेन्झबाई उठल्या. "आधी घरी चला, आणि उंदराचं बीळ दाखवा!"