बालाजीच्या झोकांड्या

बालाजीची चौकशी करायला पालमहून काशीनाथराव आले, आणि नेमका त्याच संध्याकाळी बालाजी स्टेजवर बाटली घेऊन लोळत होता.

आपल्याकडे मुलीचा बाप सांगून येतो तो नुसता चहापोह्यांना. खरी चौकशी आदल्या दिवशी, गुपचूप. पानटपरीवर टेकायचं आणि मुलगा पितो का, तेवढं काढून घ्यायचं. काशीनाथरावांनी तेच ठरवलं होतं. पण चुडाव्याच्या पानटपरीला कुलूप! अख्खं गाव किशनरावांचं विनोदी नाटक बघायला पारापुढं जमलेलं. मग तेही जाऊन बसले.

बालाजीचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. वय बत्तीस. सतरा ठिकाणी बोलणी फिसकटल्यावर कुठं स्वरदाचं स्थळ आलं होतं, आणि तिचा फोटो बघितल्यापासून हा गडी दुकानात उलट्या वायरी जोडत होता. दुसरा जीव नाटकावर. आपल्यासारखा दारुडा अख्ख्या जिल्ह्यात कुणाला वठत नाही, असं तो छातीठोक सांगायचा.

पहिला अंक दणक्यात झाला. मध्यंतरात बालाजीची आई धुरपताबाई धापा टाकत पडद्यामागं आली.

"बाल्या, मेलो रे आपण! स्वरदाचा बाप बसलाय म्होरं! उद्या येणार व्हते की!"

बालाजीच्या हातातून बाटली गळून पडली. "आता गं माय? समदा अंक पितच व्हतो मी!"

"मी हाय ना!" किशनराव म्हणाले. नाटकाचे लेखक तेच, दिग्दर्शक तेच आणि नाटकातला बापही तेच. "दुसऱ्या अंकात पोरगं पार धुऊन काढतो. तू नुस्ता मान हलव."

पडदा वर गेला. आता बापानं मुलाला शिव्या घालून घराबाहेर काढायचं होतं. किशनरावांनी काठी आपटली.

"नालायका! गावात एवढे गुत्ते, एकाची तरी पायरी चढलास का? पहाटं उठतोस, दुकान उघडतोस, आईचे पाय चेपतोस! चल, नीघ घरातून!"

लोक हसून हसून आडवे झाले. बालाजीनं बाटली पुढं केली. "बाबा, हे मोटारीचं वार्निश हाय."

"मग पहिल्या अंकात काय वार्निश पिलास व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं.

एवढ्यात दत्ता आला. त्याचं काम बालाजीच्या पिणाऱ्या दोस्ताचं. मध्यंतरात तो चहाला गेला होता, त्यामुळे त्याला या सुधारणेचा पत्ताच नव्हता. डोळे अर्धवट मिटून, जीभ जड करून त्यानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "दोस्ता, काल तूच पाजलीस की रं!"

"उसाचा रस!" बालाजी किंचाळला.

"उसाच्या रसानं गटारात पडलास?" दत्तानं पुढचं वाक्य इमानदारीत जुळवलं.

आता मात्र धुरपताबाईंना राहवलं नाही. पदर खोचून त्या सरळ स्टेजवर चढल्या. "खबरदार! माझ्या लेकरानं आत्ता आत्ता कुठं चहा सुरू केलाय!"

टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. किशनरावांनी हात जोडून पडदा पाडायला लावला.

काशीनाथराव शांतपणे पडद्यामागं आले. बालाजी मान खाली घालून उभा राहिला. मनातल्या मनात स्वरदाचा फोटो त्यानं परतही करून टाकला होता.

"दुसऱ्या अंकाचं वाटोळं कामून केलं?" काशीनाथरावांनी विचारलं. "माझं तर पहिल्याच अंकात ठरलं व्हतं. माझा मेव्हणा रोज पितो, मला समदं ठावं हाय. पिलेला माणूस असा बेडकावानी उड्या मारत चालतो व्हय? ह्या पोरानं जन्मात शिवली न्हाई. आपल्याकडून सोयरीक पक्की!"

धुरपताबाईंनी तिथंच देवाला हात जोडले. बालाजीचे मात्र कान लाल झाले. "म्हंजे मामा... माझं काम?"

"लय बेकार, जावईबापू."

मग काशीनाथराव दत्ताकडं वळले. "ह्यांचं लगीन झालंय?"

"न्हाई जी," दत्ता लाजला.

"जमायचं बी न्हाई. लय पिता तुमी."

"आवो मामा, मी थेंब घेत न्हाई! ॲक्टिंग हाय ती!"

"असं समदेच म्हंतेत," काशीनाथराव म्हणाले आणि चपला शोधू लागले.

दत्ता रडकुंडीला आला. बालाजीचं लग्न जमलं, आई पेढ्यांचं बोलायला लागली, किशनराव पाठ थोपटत होते. पण बालाजी दत्ताकडंच बघत होता, आणि त्याला दत्ताचा असा हेवा वाटत होता की काही विचारू नका.