मोंग्गो, आधी तुम्ही

सेकारचा उपांत्य सामना ऐन रंगात आला होता आणि शेजारच्या बू दार्मी भिंतीपलीकडून ओरडत होत्या, "अगं सेकार! तुमची टाकी वाहतेय गं! माझं ओलं बातिक आहे खाली, लग्नाचं कापड! सगळा रंग चालला वाहून!"

सेकारने एकदा संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, एकदा छताकडे. समोर होता 'काळा नाग', मलांग गावचा. मागच्या खेपेला त्याने तिला हरवलं होतं आणि वर लिहिलं होतं, "जा, झोप आता." आज त्याला हरवलं की अंतिम सामना. तो जिंकला की 'नऊ दिव्यांची राणी' हा खराखुरा, कागदाचा, खेळायचा पत्ता टपालाने घरी येणार होता.

त्या राणीची एक गोष्ट होती. 'सात वनं' या खेळाच्या पत्त्यांचा एक आख्खा खोका सेकारने शाळेपासून जमवला होता. वाघ, मोर, दिवे, वादळं. राणी सगळ्यांत खाली, रेशमी चिंधीत. एकदा दूरच्या नात्यातला एक जावई घरी आला, खोका पाहून "वा!" म्हणाला, आणि सेकारचे वडील, बापाक मार्सुदी, रिवाजाप्रमाणे म्हणाले, "आवडला? मग न्या की." आता याच्यावर पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं असतं. सोलो शहरात हे मांजरालाही ठाऊक आहे. जावई म्हणाला, "बरं," आणि खोका काखेत मारून गेला.

तेव्हापासून सेकार 'मेजा'वर खेळायची. खेळाच्या वेड्यांनी घरी बसून, फुकट, आपल्या आपण बनवलेलं हे संगणकावरचं टेबल. त्याला नियम कळत नसत. कोणीही कोणाचाही पत्ता उचलून कुठेही ठेवावा, टेबल हूं की चूं करत नसे. सगळा कारभार विचारण्यावर चाले: "हा वाघ सोडू?" समोरच्याने "हो" लिहायचं, नाहीतर आपला बचावाचा पत्ता टाकायचा. आणि फार वेळ काहीच लिहिलं नाही, तर हरलात.

"बापाक! इकडे या, इथे बसा," सेकार जिन्याकडे धावत म्हणाली. "काही करू नका. फक्त 'थांबा' लिहा."

"कोणाला?"

"समोरच्याला!"

बापाकांनी चष्मा पुसला. जन्मभर त्यांनी लग्नमांडवांत सूत्रसंचालन केलेलं. नवरी दारातून आसनापर्यंत पोचायची, पण यांचं स्वागताचं पहिलं वाक्य पुरं व्हायचं नाही. अनोळखी माणसाला नुसतं 'थांबा' म्हणणं त्यांच्या बोटांना जमेना. त्यांनी लिहिलं: "पानाआडच्या कळीसारखा संकोच मनात धरून आपणांस विनंती करतो, की क्षणभर विसावा घ्यावा. घरची मंडळी बरी आहेत ना?"

पलीकडून मग उत्तर आलं: "आपल्या आशीर्वादाने बरी आहेत. आपलं जेवण झालं का?"

"सेकार!" बापाक जिन्यात तोंड घालून ओरडले. "मुलगा फार चांगल्या घरचा आहे गं!"

"कोण? काळा नाग?" वरून आवाज आला. टाकीचा तरंगता गोळा मोडला होता आणि सेकार तो दोन्ही हातांनी वर धरून उभी होती. सोडला की पाण्याची धार, धार पडली की बू दार्मी. "बापाक, तो नाटकं करतोय! काय लिहिलंय त्याने?"

"विचारतोय, तुमच्या डावीकडच्या मोराला मारू का."

"नाही म्हणा! माझी ढाल टाका, ढाल!"

आता तोंडावर नाही कसं म्हणायचं? बापाकांनी जावानी आदबीचं 'या, घ्या ना' लिहिलं, "मोंग्गो, आपली इच्छा."

पलीकडून आलं: "छे छे, मला कसं शोभेल? किती गोजिरवाणा आहे. आधी तुम्ही मारा."

"मोंग्गो, आधी तुम्ही."

"वयाने तुम्ही मोठे दिसता. आधी तुम्ही."

बापाकांना भरून आलं. असं बोलणं हल्ली लग्नात सुद्धा कानावर पडत नाही. त्यांनी टेबलावर नजर टाकली. समोरच्याची एक हरिणी मेलेल्या पत्त्यांच्या ढिगात पडली होती. त्यांनी ती अलगद उचलली आणि जिवंतांत नेऊन ठेवली. टेबल हूं की चूं करेना. लगेच पलीकडूनही सेकारची मेलेली दोन कासवं उठून घरी आली. मग बापाकांनी एक दिवा भेट दिला. तिकडून परतफेड म्हणून वादळ आलं. रिकामं ताट परत पाठवायचं नसतं, हे तिकडच्याला बरोबर ठाऊक होतं.

"बापाक, काय चाललंय?"

"देवाणघेवाण!"

"कसली देवाणघेवाण? ही लढाई आहे!"

"अगं सेकार, तू धर नीट! पुन्हा गळतंय!" हा आवाज बू दार्मींचा.

बऱ्याच वेळाने सामन्याचा पंच टेबलापाशी आला. बांडुंगचा पोरगा, असे पुष्कळ सामने पाहिलेला. त्याने लिहिलं: "हे काय आहे?" मग: "सेकारताईंचा वाघ नागाच्या कुशीत काय करतोय?" मग: "एकही पत्ता मेलेला नाही. दोघांच्या आयुष्याचे गुण सुरुवातीपेक्षा जास्त कसे?" मग नुसतं: "?"

"पाहुणे आले वाटतं," बापाकांनी लिहिलं. "या, बसा. जेवण झालं का?"

"झालं," पंचाने गोंधळून लिहिलं. "हे बघा, असा निकाल लावता येत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी एकाने हार माना."

हे मात्र बापाकांना पटलं. पाहुण्याला जिंकू द्यावं, यात शंका कसली? ते हार मानायला बसले. 'चंद्रकोर जशी सूर्यापुढे नम्र होते' इथून सुरुवात केली, कोर नम्र होऊन पूर्वजांपर्यंत पोचली, पूर्वजांवरून पावसापाण्यावर आली, आणि मुख्य क्रियापद अजून दूर होतं, तेवढ्यात पडद्यावर आलं: "आम्ही हरलो. चुकलंमाकलं माफ करा. काळा नाग."

पंचाने लिहिलं: "सेकारताई अंतिम फेरीत."

त्याच वेळी सेकार खाली आली. केसांच्या फितीने गोळा बांधून आली होती. केसांतून पाणी, कोपरांवरून पाणी. तिने पडद्यावरची शेवटची ओळ वाचली. मग टेबल पाहिलं, वाघ पाहिला, कासवं पाहिली.

"मी... जिंकले? कशी?"

"मला काही कळलं नाही," बापाक खरं तेच म्हणाले. "पण ते अगदी मनापासून हरले. त्यामुळे मी लगेच परत केलं."

"काय परत केलं?"

"विजय. लिहिलं मी, अंतिम फेरीला तुम्हीच जा. पहिल्यांदा परत करायचंच असतं, पोरी. ते नको म्हणतील."

"आणि हो म्हणाले तर?"

"आपल्यातलीच माणसं आहेत गं."

"खोका नेणारा जावईसुद्धा आपल्यातलाच होता!"

पडद्यावर अक्षरं उमटली: "बरं. जातो. जा, झोप आता."

हा मात्र खराखुरा काळा नाग होता. घरी परतला होता.

बापाकांनी चष्मा काढला, परत घातला, वाचून पाहिलं, पुन्हा काढला. खोका गेला त्या संध्याकाळीही ते असेच दाराकडे बघत बसले होते. सेकारला रागवायचं होतं. पण भिजलेल्या माणसाला आधी शिंकच आली.

"चांगल्या घरचा वाटला होता," बापाक पुटपुटले.

पंचाने लिहिलं: "मग नक्की कोण?"

मग पडद्यावर सावकाश, एकेक अक्षर शोधल्यासारखं उमटू लागलं: "मी त्याची आई. तो गॅसची टाकी आणायला गेला होता, मला म्हणाला, अधूनमधून काहीतरी लिहीत राहा. तो काय बोलला ते आत्ता वाचलं. कान धरून उभा केलाय. मुलीला सांगा, अंतिम फेरी तिचीच. आम्ही नाही घेणार."

बापाकांचा चेहरा दिव्यासारखा उजळला. "बघ! म्हटलं नव्हतं? घरच चांगलं आहे." त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली. "आता आपण आणखी एकदाच नको म्हणायचं. तिसऱ्यांदा आलं की घ्यायचं."

सेकारने त्यांच्याकडे पाहिलं. मग छताकडे.

"बापाक," ती हळूच म्हणाली, "पाण्याचा आवाज येतोय का हो? बू दार्मींचं कापड..."

बापाक धोतरासारखं लुंगीचं टोक सावरत जिना चढले. वर सगळं कोरडं होतं. तरी फितीवर भरवसा नको म्हणून त्यांनी गोळा दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओरडून विचारलं, "लिहिलंस का गं, नको म्हणून?"

सेकारचं बोट 'मान्य' हा शब्द लिहून नुकतंच उचललं गेलं होतं.

"लिहिलं, बापाक!" ती म्हणाली. "पण ते ऐकतच नाहीयेत!"