व्हाइसचा बेस

रघुनाथरावांनी व्हाइस जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्याचा दांडा जोरात आवळला, आणि टेबल भाजीच्या पातेल्यासकट हातभर सरकलं.

"आधी हे धूड उचला!" पातेलं सावरत जयवंताबाई म्हणाल्या. "बसवाले बेस नाही, तं मंग आनला काहून घरी?"

बेस नव्हता हे खरंच होतं. सौंसरच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर होताना सोबत्यांनी रघुनाथरावांना नवा कोरा मशीन व्हाइस भेट दिला होता. काम पोलादी जबड्यात गच्च धरून ठेवणारा, चांगला पंधरा किलोचा. तो बसवायचा कशावर, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. इकडे पांढुर्ण्यात घरच्या अंगणात वर्कशॉप काढणार, हे ते सगळ्या गल्लीला सांगून बसले होते. पहिलं गिऱ्हाईकही मिळालं होतं. शेजारच्या गुलाबरावांचा संत्र्यावर फवारणी करायचा पंप जाम झाला होता आणि तो येत्या शनिवारी खोलून हवा होता.

"शनिवारी पंप नाही झाला, तं वर्कशॉपचं नाव काढायचं नाही," जयवंताबाईंनी बजावलं. "माझ्यासंगं जामसांवलीच्या मारुतीले यायचं अन् भजनात बसायचं."

सदतीस वर्षं मशीनचा आवाज ऐकलेल्या माणसाला भजनात बसवायचं, म्हणजे हद्दच झाली!

मुलानं, विनोदनं, मोबाइल पुढे केला. "बाबा, हा पाहा फिरता बेस. चहूकडं फिरते."

"काहून? व्हाइसले का गावभर हिंडायचं हाये? बेस कसा पाहिजे, भूकंप आला तरी हालला नाही पाहिजे!"

मग त्यांची नजर सुनेच्या शिलाई मशीनच्या टेबलाकडे गेली. दामिनी टेबलाला मिठीच मारून उभी राहिली. नजर धुण्याच्या दगडाकडे गेली, तेव्हा जयवंताबाईंनी नुसतं वळून पाहिलं, तेवढ्यावरच भागलं. शेवटी त्यांच्यातला फिटर पेटला. कारखान्यात मशिनी काय टेबलावर असतात? फाउंडेशनवर असतात, फाउंडेशनवर!

रविवारी त्यांनी अंगणात, रस्त्यालगतच्या निंबाखाली, कमरेएवढा सिमेंटचा खांब ओतला. वर चार बोल्ट उभे रोवले. लेव्हल तीनदा तपासली. बोल्टांच्या आट्यांत घाण जाऊ नये म्हणून त्यांना तेल चोपडून वर लाल फडकं गुंडाळलं. आता आठवडाभर पाणी घातलं की शनिवारी सकाळी व्हाइस आणि दुपारी पंप.

रघुनाथराव कामाला चोख. रोज सकाळी आंघोळ झाली की ओल्या अंगानं, अनवाणी, तांब्या घेऊन खांबावर पाणी घालायचे. मग डोळे मिटून हात फिरवत, कुठे तडा गेला का ते चाचपत खांबाभोवती फेरी मारायचे. लोकांना यात काय दिसत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. फिटरच्या डोक्यात असलं काही येत नसतं.

मंगळवारी खांबावर जास्वंदीचं फूल होतं. वाऱ्यानं उडून आलं असेल म्हणून त्यांनी ते फेकून दिलं. बुधवारी उदबत्ती होती. गुरुवारी समोरच्या प्रेमलताबाई हात जोडून उभ्या दिसल्या.

"काय करून राहिल्या, बाई?"

"तुमी रोज करता तेच," त्या म्हणाल्या. "कधी मंदिराची पायरी नाही चढले, अन् अंगनात मारुती बसवला! दोन दिवस झाले, माझा गुडघा नाही दुखला."

"अवो बाई, हे फाउंडेशन हाये! आत बोल्ट हायेत!"

"असन ना. नाव काही बी घ्या, भाव पाहिजे."

शनिवारी सकाळी रघुनाथराव व्हाइस छातीशी धरून बाहेर आले, तर अंगणात चपलांचा ढीग! लाल फडक्यावर शेंदूर, खांबापुढे नारळाच्या करवंट्या, आणि आरतीचं ताट घेऊन सगळ्यांत पुढे खुद्द जयवंताबाई. तेवढ्यात गर्दीतून गुलाबराव पुढे आले.

"गुलाबराव, तुमी तरी सांगा या लोकायले! इथं तुमचा पंप खोलायचा हाये!"

"पंप? तो कालच चालू झाला ना बाप्पा! इथं नारळ फोडला, घरी गेलो अन् मारली एक लात. भडभड सुरू!"

रघुनाथरावांचा चेहरा उतरला. फार वाईट वाटलं बिचाऱ्यांना. पहिलंवहिलं काम गेलं, आणि तेही स्वतःच्याच फाउंडेशननं पळवलं.

"असं तोंड काहून पाडता?" गुलाबराव म्हणाले. "इथं घंटी टांगायची हाये. लोखंडी कमान करा मजबूत. सगळ्यायनं ठरवलं, काम तुमालेच द्यायचं."

रघुनाथरावांचे डोळे लकाकले. वर्कशॉपची पहिली ऑर्डर! कमान किती उंच, लोखंडी अँगल कोणत्या मापाचा, मनातल्या मनात हिशोब सुरूही झाला. आणि मग एकदम थांबला.

"कमान करतो. पन अँगल कापाले व्हाइस लागते, अन् व्हाइसले बेस लागते."

"देईन ना देव बेस."

"देवानंच तं घेतला!"

"अवो, ओरडू नका," जयवंताबाई दटावून म्हणाल्या. "आरती सुरू होऊन राहिली. ते लोखंड ठेवा अन् हात जोडा."

"ठेवतो," रघुनाथराव म्हणाले. "कशावर?"