चड्डीवाल्या माश्या

गेस्काच्या बागेत रानमधमाश्यांची सगळी सोय होती. फक्त तिथे राहायचं माश्यांनी मनावर घेतलं नव्हतं. शहराबाहेरच्या बागवसाहतीत, जिथे शहरातल्यांना बागेपुरती जमीन भाड्यानं मिळते, तिला तो तुकडा मिळाला आणि तिनं कागदावर आखणी करून एकेक रोप लावलं. बर्फ वितळल्यापासून पानगळीपर्यंत काही ना काही फुललेलं राहील असे वाफे. पाण्याची उथळ ताटली. त्यात माशी बुडू नये म्हणून दगड, आणि दगड तिच्या रांगत्या लेकानं, यान्नोनं, गिळू नयेत म्हणून त्याच्या तोंडापेक्षा मोठे. मधोमध निळ्या फुलांची चिकोरी. कुंपणाशी भोकं पाडलेल्या लाकडांचं दुमजली घर. माश्या यायच्या, चिकोरीवर भरपेट जेवायच्या आणि झोपायला भलतीकडेच जायच्या.

कुठे, ते तिला जुलैत कळलं. कुंपणापलीकडे वसाहतीचं बूल खेळायचं मैदान होतं: उघडी, दाबून बसवलेली वाळू. रोज सकाळी कॉफी झाली की वसाहतीतले हार्म्स आजोबा आणि त्यांचा म्हातारा मित्र फोल्कर्ट तिथे लहानशा लाकडी सोंगटीच्या जवळात जवळ पडतील असे लोखंडी गोळे फेकत, आणि इकडे गेस्का यान्नोला गुडघ्यांत धरून प्रत्येक गोळा थांबेपर्यंत श्वास रोखून बसे. पानगळीत आजोबा लेकीकडे दक्षिणेला राहायला जाणार होते, चौथ्या मजल्यावर. त्याआधी फोल्कर्टला एकदा तरी हरवायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आजवर ते जमलं नव्हतं.

एका सकाळी गोळा उचलायला वाकलेल्या आजोबांनी तिला हाक मारली. "अगं, तुझी गिऱ्हाइकं बघ इकडे. मागच्या पायांत केसाळ चड्डी घातल्यासारखं काय गं हे?"

वाळूत बारीक बारीक भोकं होती, प्रत्येकाच्या तोंडाशी उकरलेल्या वाळूचा ढीग. मागचे पाय परागानं पिवळेधमक झालेल्या माश्या आत-बाहेर करत होत्या. गेली दोन वर्षं गेस्का हीच रानमाशी फक्त पुस्तकात बघत आली होती. आनंदाच्या भरात तिनं फोटो काढला आणि वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. चुकलं ते तिथे.

जेवणाआधीच अध्यक्ष ब्रुन्सबाई लाल-पांढरी फीत घेऊन हजर झाल्या. बाई वाईट नव्हत्या. रानमाश्यांची घरं मोडायची नाहीत हा कायदा, घरं मैदानात, म्हणून मैदान बंद. माश्यांचं आटपेपर्यंत, म्हणजे उन्हाळा संपेपर्यंत.

"आणि मी?" आजोबांनी विचारलं.

"तुमच्यासाठी कायदा नाही ना, हार्म्ससाहेब," ब्रुन्सबाई खरोखरच हळहळून म्हणाल्या.

गेस्काकडे कुणी रागानं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यानंतर रोज सकाळी दोघं म्हातारे फितीशेजारच्या बाकावर गोळे मांडीवर घेऊन बसू लागले. फोल्कर्ट म्हणे, मी न खेळताही जिंकतोच आहे. गेस्कानं ग्रुपवरून फोटो पुसून टाकला, पण फीत काही निघाली नाही. आजोबांना तिनं केक नेऊन दिला. त्यांनी तो खाल्ला, छान झालाय म्हणाले, आणि तिला आणखीच वाईट वाटलं.

शेवटी ऑगस्टमध्ये तिनं मधला वाफा उपटला. सगळ्यात जास्त जीव लावलेली चिकोरी उचलून कडेला लावली, उघड्या जमिनीवर वाळू पसरली, रूळ मागून आणून ती दाबली आणि दोघांना बोलावलं. माश्यांसाठी आखलेल्या बागेच्या ऐन मध्यावर आता टक्कल पडलं होतं. आजोबांनी टोपी काढली.

आणि त्या रविवारी आजोबा चक्क जिंकायला आले. दोघांचेही गुण बरोबरीत, फोल्कर्टचा गोळा लाकडी सोंगटीजवळ, आणि आजोबांच्या हातात शेवटचा गोळा. फोल्कर्टचा गोळा उडवला की झालं.

आजोबा नेम धरायला पुढे जाऊन वाकले, आणि वाकलेलेच राहिले. गेस्कानंही मान लांब केली. फोल्कर्टच्या गोळ्याला लागूनच वाळूत एक नवं भोक होतं, आणि एक माशी मागच्या पायांनी वाळू उपसत बाहेर येत होती. ज्या घराची गेस्का सबंध उन्हाळा वाट बघत होती, ते तिच्या बागेत झालं होतं. फोल्कर्टचा चष्मा जुना. त्याला काही दिसलं नव्हतं.

"फेका," ती हळूच म्हणाली. "फेका हो आजोबा. मी काही बघितलं नाही."

आजोबा सावकाश सरळ झाले. मग त्यांनी खांदा धरला.

"खांदा आखडला रे फोल्कर्ट. हरलो, जा."

फोल्कर्ट दोन्ही हात वर करून वाळूच्या टकलावर नाचणार, एवढ्यात आजोबांनी त्याला दंडाला धरून घाईघाईनं कॉफीकडे नेलं. जाताना ते गेस्काच्या कानाशी पुटपुटले, "त्याला कधी सांगू नकोस. हरलो ते चालेल. माशीपायी हरलो म्हटलं तर मेल्यावरसुद्धा सुखानं पडू द्यायचा नाही."

आजोबा दक्षिणेला गेले. फोल्कर्ट अजून येतो, बागेत बसतो आणि हार्म्सला एकदाही जिंकता आलं नाही, शेवटी तर खांद्याचं सोंग केलं, हे पहिल्यापासून सांगतो. गेस्का त्याच्या कपात कॉफी ओतते आणि म्हणते, "हो ना काका, सोंगच."