ऑर्फामावशीची मेजवानी

माझ्या बायकोनं, म्हणजे ल्युएलानं, गुडघा बदलून घेतला आणि डॉक्टरनं तिला काही आठवडे घराबाहेर पडायला बंदी केली, तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला. ल्युएला गरुड बघायला जाऊ शकत नाही, तर गरुडालाच ल्युएलाकडे आणायचं. (डॉक्टरनं माझ्यावरही एखादी बंदी घालायला हवी होती.)

आमचं घर मिसिसिपी नदीच्या काठाला, विस्कॉन्सिनच्या बाजूला. समोरच्या बेटावर एका जुन्या झाडाच्या शेंड्याला पांढऱ्या डोक्याच्या गरुडांचं घरटं आहे. घरटं कसलं, मी आत पाय पसरून झोपू शकेन एवढा पलंगच तो. ल्युएला गेली कित्येक वर्षं त्यावर नजर ठेवून आहे. पिल्लं किती झाली, उडाली कधी, सगळं वनखात्याला कळवते. मादीला तिनं आपल्या ऑर्फामावशीचं नाव दिलंय, कारण नजर तीच. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय अशी दोघींचीही कायमची खात्री. नराला नाव नाही. त्याला ती नुसतं 'नवरा' म्हणते, आणि तेही कौतुकानं. आमच्या घरात हा शब्द त्या सुरात एरवी ऐकू येत नाही.

हे वेड कुठून आलं ते सांगायला हवं. आमच्या लहानपणी इथे गरुड फक्त नाण्यावर असायचा. शेतांवर फवारलेलं विष नदीत गेलं, नदीतून माशांत, माशांतून गरुडांत, आणि त्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनानं ती फुटायची. ल्युएलाचे वडील सफरचंदाच्या बागेत तेच औषध फवारायचे आणि पंपाचा दांडा मारायला ही असायची. पुढे त्या औषधावर बंदी आली. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी एका सकाळी पुलावर गाड्या थांबलेल्या दिसल्या. माणसं खाली उतरून आभाळातल्या एका गरुडाकडे बघत होती. ल्युएला तिथे उभी राहून रडली. मला वाटलं, कुणाला तरी अपघात झाला.

तर माझा निर्णय. दर नोव्हेंबरात मी हरणाच्या शिकारीला जातो, म्हणजे झाडावर बांधलेल्या फळीवर बसून सँडविच खातो आणि संध्याकाळी घरी येतो. या वर्षी मात्र एक हरीण बिचारं माझ्या गोळीच्या वाटेत आलं. मांसाचे सॉसेज केले. बरगड्यांचा सांगाडा, आमच्याकडे सगळेच करतात तसा, पाखरांनी चरबी टोचून खावी म्हणून परसातल्या झाडाला टांगला. फेब्रुवारीत ल्युएला खिडकीशी पाय लांब करून बसलेली आणि तोंड पडलेलं. मी तो सांगाडा उतरवला, ओढत गोठलेल्या नदीवर नेला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ठेवला.

दुसऱ्याच दिवशी ऑर्फामावशी आली. काय जेवली म्हणून सांगू! ल्युएलानं माझा हात धरला आणि माझ्या हातची कॉफी चांगली झाल्याचं सांगितलं. मी दिवसभर घरात छाती काढून फिरत होतो. ऑर्फामावशी पुढचे काही दिवस येत राहिली आणि मी परसातली उरलीसुरली हाडंही नेऊन टाकली.

मग एका सकाळी ल्युएला दुर्बिणीला डोळा लावून म्हणाली, "हॅल्वर, ती नीट उभी नाहीये."

"या थंडीत कोण नीट उभं राहतंय?"

"पंख बघ तिचे. लोंबतायत."

तिनं पक्ष्यांच्या दवाखान्यात फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई म्हणाली, "अंगावर ब्लँकेट टाका आणि पाय घट्ट धरा. चोचीला घाबरू नका, नख्यांना घाबरा."

"मी दोन्हींना घाबरतो," मी म्हणालो.

"तो निघालाय," ल्युएलानं सांगून टाकलं.

मी वेल्डिंगचे हातमोजे घातले, डोक्यावर बर्फगाडीचं हेल्मेट चढवलं आणि हाताला लागलं ते पांघरूण उचललं.

"ती नको, आईची गोधडी आहे ती," ल्युएला म्हणाली. मग बाहेर बघून म्हणाली, "राहू दे. तीच ने. उबदार आहे."

बर्फावर मी आपटलो, उठलो, पुन्हा आपटलो आणि शेवटी रांगतच गेलो. झटापट होणार म्हणून दात आवळले होते. काहीच झालं नाही. ऑर्फामावशीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मला उचलू दिलं. एवढा मोठा पक्षी, पण हाताला काही वजनच लागेना. घरी येईपर्यंत हेल्मेटच्या काचेवर आतून धुकं धरलं होतं आणि ते श्वासाचं होतं असं मी ल्युएलाला सांगितलं.

दवाखान्यापर्यंत ल्युएला दुखरा पाय मागच्या सीटवर पसरून, ऑर्फामावशीला ठेवलेला कुत्र्याचा पिंजरा मांडीशी धरून बसली होती. तिथल्या डॉक्टर टेस्मरबाईंनी एक्स-रे दाखवला. पोटात पांढरे बारीक ठिपके.

"शिसं आहे. बंदुकीच्या गोळीचे कण," त्या म्हणाल्या. "हिनं काय खाल्लं, काही कल्पना?"

मी भिंतीवरच्या घुबडाच्या चित्राचा अभ्यास करायला लागलो.

"हरीण," ल्युएला म्हणाली.

"कोणाचं?"

"याचं."

"गोळी शिशाची होती?"

"आमचा शेजारी डेल्मर म्हणाला, तांब्याच्या गोळ्या म्हणजे शहरी लोकांची थेरं," मी म्हणालो.

"डॉक्टर," ल्युएला माझ्याकडे न बघता म्हणाली, "जन्मात याचा नेम एकदा लागला. त्या एका गोळीत यानं दोन जीव घेतले."

"अजून ती जिवंत आहे," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांचा आवाज खाली गेला होता. मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या हरणाचं काय केलंत?"

"सॉसेज," मी म्हणालो.

"कुणी खाल्ले?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्ही दोघंही रक्त तपासून घ्या," डॉक्टर म्हणाल्या.

ऑर्फामावशी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. मी गॅरेजमध्ये जाऊन रडलो. परत आलो तेव्हा ल्युएला एवढंच म्हणाली, "बाबांना त्या फवाऱ्याचं माहीत नव्हतं, हॅल्वर. तुला मी सांगितलं होतं तांब्याच्या घे म्हणून." त्यानंतर तिनं बोलणंच बंद केलं.

दवाखान्यानं गोधडी धुऊन पाठवली, तिच्या शिवणीत एक पीस अडकून आलं. गरुडाचं पीस घरात ठेवणं आमच्याकडे गुन्हा आहे. ल्युएलानं ते रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि दाराकडे बोट केलं. मी ते एक पीस परत करायला तालुका ओलांडून दवाखान्यात गेलो आणि आलो. खरं तर ते मला ठेवायचं होतं.

समोरच्या बेटावर ऑर्फामावशीचा नवरा रोज एक मासा आणून घरट्याच्या काठावर ठेवायचा आणि बाजूला बसून राहायचा. संध्याकाळी तो मासा कावळे न्यायचे. ल्युएला बघत बसायची. मी तिच्या मागे उभा राहून बघायचो, कारण शेजारी बसायची हिंमत नव्हती.

रक्ताच्या तपासणीची वाट बघताना मी कुठेसं वाचलं की शिसं डोक्यात चढतं. विसराळूपणा येतो, सारासार विचार सुटतो, माणूस भलतेच निर्णय घ्यायला लागतो. खरं सांगतो, मला फार धीर आला. शिकार नोव्हेंबरातली, सॉसेज डिसेंबरापासून, आणि तो सांगाडा मी फेब्रुवारीत ओढत नेला. सगळं जुळत होतं. ल्युएलाला हे कसं सांगावं याची मी मनात वाक्यंसुद्धा तयार केली.

नर्सचा फोन आला तेव्हा ल्युएलानं स्पीकर लावला.

"दोघांचंही रक्त अगदी स्वच्छ आहे," नर्स आनंदानं म्हणाली. "काळजीचं काही कारण नाही."

"मिस्टरांचं नीट तपासलंत ना?" ल्युएलानं विचारलं. इतक्या दिवसांनी मी तिचा आवाज ऐकत होतो.

"दोनदा तपासलं. शिशाचा मागमूस नाही."

ल्युएलानं फोन ठेवला आणि किती तरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे ही अक्कल तुझी स्वतःचीच," ती म्हणाली.